तिसरा द्रोण

महिपतला लायसन परत मिळालं त्या दिवशी सगळ्या कोंडवाडीला आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जीपमध्ये एकही माणूस बसला नाही.

आनंद खोटा नव्हता बरं का. कोणी करंज्या आणून दिल्या, कोणी जीपच्या बोनेटवर हळदकुंकू वाहिलं, आणि वाडीचे गावकर, म्हणजे पहिले मानकरी, भिकाजीआप्पा, जे कोणाच्या खळ्यात सहसा पाऊल टाकत नाहीत, ते स्वतः काठी टेकत आले आणि महिपतच्या पाठीवर थाप मारून गेले. "सुटलास बाबा," असं जो तो म्हणत होता. वर्षभर हा माणूस चिरेखाणीवर दगड उचलून जगला होता. लायसन परत घ्यायला त्याला शहरात पुन्हा परीक्षा द्यावी लागली. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत बसून संगणकावर बटणं दाबायची, आणि पहिल्या खेपेला तो चक्क नापास झाला. तेही त्याने हसत हसत सांगून टाकलं आणि लोक पोट धरून हसले. दुपारभर त्याने जीप धुतली. मागच्या सीटखाली कोंबडीने अंडी घातली होती, ती त्याच्या बायकोने, कमळाने, पदरात गोळा केली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर जरा हसू दिसलं.

सकाळी नेहमीच्या वेळी महिपत पाराजवळ जीप लावून उभा राहिला आणि त्याने तीनदा हॉर्न दिला. पूर्वी ह्या हॉर्नवर वाडीतल्या चुली पेटायच्या आणि चहा उतरायचा. एसटी हायवेलाच थांबते. तिथून कोंडवाडीपर्यंत जांभ्याच्या कापातून वळणं घेत रस्ता वर येतो, आणि त्या रस्त्यावर ये-जा करायची तर महिपतची वडापची जीप, नाहीतर आपले पाय. कोर्टाच्या तारखेला जाणारी माणसं, कॉलेजची पोरं, रत्नागिरीत भाजी विकणाऱ्या बाया, सगळी ह्याच जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून गेलेली.

तशी माणसं आलीही. पिशव्या घेऊन, केस विंचरून आली. जीपपाशी थांबली, हसली, "निघालास काय?" म्हणून विचारलं आणि चालायला लागली. "जरा पाय मोकळे करतंय रे," असं एकाने सांगितलं. ज्या म्हाताऱ्याला पडवीतून खळ्यात यायला आधार लागतो, तोही पाय मोकळे करायला निघाला, तेव्हा महिपतला कळलं, हे पाय मोकळे करणं नव्हे. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो स्टेअरिंग धरून बसला होता. मग जीप वळवून घरी आला आणि कमळाला म्हणाला, "आज भाडं नाय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वाळीत टाकलं म्हणावं तर तसंही नव्हतं. लोक घरी येत होते, पानसुपारी खात होते, कमळाला वांगी देत होते. फक्त जीपमध्ये बसत नव्हते, आणि का ते सांगत नव्हते.

शेवटी सांगितलं ते बाबल्याने. बाबल्या म्हणजे महिपतचा लहानपणापासूनचा सोबती, तोंडाचा फाटका आणि मनाचा साधा. चौथ्या दिवशी तो जीपच्या सावलीत येऊन बसला, विडी पेटवली आणि म्हणाला, "महिपत, रागावशील?"

"नाय. बोल."

"लोकं तुला भीत नायत. राखणदाराला भितात. तू तिसरा द्रोण सांडलास ना, त्येचा राग हाय अजून गाडीवर."

महिपतने डोळे मिटून घेतले.

आता तिसऱ्या द्रोणाची गोष्ट सांगायला हवी.

कोंडवाडीच्या डोक्यावर माळ आहे, माळाच्या कडेला ऐनाचं झाड आणि झाडाखाली शेंदूर लावलेला धोंडा. तो वाडीचा राखणदार. भात झोडून झालं की त्याला वर्षाची राखण द्यायची. कोंबडा, नारळ, विडी आणि गावठी दारू. बायकांनी तिथे जायचं नाही. आप्पा गाऱ्हाणं घालतात, मग धोंड्यावर ओतून उरलेली दारू पानाच्या द्रोणातून प्रसाद म्हणून प्रत्येकाच्या हातात येते आणि ती तिथल्या तिथे संपवायची. नको म्हणायची सोय नाही. आणि सगळ्या वाडीची एक पक्की समजूत आहे, आजची नाही, बापजाद्यांची, की देवाची दारू चढत नाही. घरात प्याली तर चढते, गुत्त्यात प्याली तर गटारात लोळवते, पण राखणीची दारू म्हणजे तीर्थ. महिपत एरवी दारूला शिवत नसे. वर्षातून एकदा राखणीचा द्रोण घ्यायचा आणि माणसं भरून जीप खाली न्यायची, हे तो कित्येक वर्षं करत आला होता आणि कधी काही झालं नव्हतं. काही झालं नाही की माणसाला वाटतं, आपण बरोबरच वागतोय.

गेल्या वर्षी आप्पांनी त्याला दुसरा द्रोण दिला. जीपचे नवे टायर आले होते, त्यांच्या नावाने. मग कोणीतरी तिसरा पुढे केला. महिपतचं डोकं तेव्हाच जड झालं होतं. तिसरा द्रोण त्याने हळूच पाठीमागे नेला आणि झाडाच्या मुळाशी ओतला. बाबल्याने ते पाहिलं.

मग खाली उतरताना वाटेच्या तोंडाशी मैना उभी होती, टोपली घेऊन. मैना नवरा गेल्यापासून मासे विकून घर चालवायची. संध्याकाळच्या लिलावाला मिरकरवाड्याच्या बंदरात जायचं, मासे घेऊन यायचे आणि वाड्यावाड्यांतून फिरायचं. तिची जागा ठरलेली होती, पुढे, महिपतच्या डाव्या हाताला. बसली की कोपर खिडकीच्या बाहेर काढायची तिला सवय. सातविणीच्या झाडाजवळच्या वळणावर महिपतला वळण दिसलं होतं. तो झोपला नव्हता, कोणाशी बोलत नव्हता, मध्ये गुरंढोरं आली नव्हती. वळण समोर होतं आणि हात स्टेअरिंगवर होते, पण हातांना निरोप उशिरा पोचला. जीप डाव्या अंगावर गटारात पडली. मागची माणसं खरचटून उठली. मैनाचा हात जीपखाली राहिला.

हाताचा चुराच झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण कोपर पुन्हा सरळ झालं नाही आणि बोटं मिटेनात. दवाखान्यात महिपतचं रक्त तपासलं गेलं आणि केस उभी राहिली. कोर्टात न्यायाधीशांनी त्याला विचारलं, दारू प्याला होतात काय. महिपतच्या जिभेवर "होय" आलं होतं. मागच्या बाकावर आप्पा बसले होते, काठीवर हनुवटी टेकून, त्याच्याकडे बघत.

"साहेब, दारू नव्हती," महिपत म्हणाला. "प्रसाद होता."

"किती घेतलात प्रसाद?"

"दोन द्रोण."

कोर्टात खसखस पिकली. पोलिसांनी अपघाताच्या दिवशीच काढून घेतलेलं लायसन तेव्हापासून वर्षासाठी गेलं ते गेलंच. महिपतला त्याचं दुःख नव्हतं, उलट जरा बरंच वाटलं. निदान एका ठिकाणी तरी कोणीतरी चुकीला चूक म्हणालं.

कारण वाडीत कोणी म्हणेचना. हीच तर सगळी फजिती. मैनाच्या घरच्यांनी त्याला शिवी दिली नाही. आप्पांनी खडसावलं नाही. चिरेखाणीवरून तो संध्याकाळी अंग मोडून घरी यायचा तेव्हा लोक कळवळून म्हणायचे, "भोग बाबा, देवाचा कोप." महिपतला वाटायचं, कोणीतरी माझी गचांडी धरा, मला दोन थोबाडीत द्या आणि सांगा, तू प्यालास आणि बाईचा हात घालवलास. कोणी धरली नाही. आणि बाबल्याने पाहिलेली गोष्ट घरोघर फिरून एकदाची पक्की झाली होती. महिपत प्याला म्हणून जीप पडली नाही. महिपतने प्रसाद सांडला म्हणून पडली.

"आता उपाय काय?" महिपतने विचारलं.

"सोपा हाय," बाबल्या म्हणाला. त्याला खरंच सोपा वाटत होता. "रविवारी राखण हाय. तू ये. आप्पा तुज्या नावाचं गाऱ्हाणं घालतील, गेल्या सालचे धरून तीन द्रोण तुज्या हातात देतील. घे आन् मोकळा हो. मंग तितूनच सगळी तुज्या गाडीत बसून खाली येतील. आप्पा बोल्ले, मी सोता पयला बसंन."

"बाबल्या, मी शपथ घेतलीय. पुन्हा थेंब घेणार नाय."

"कोणापुढं?"

"मैनावयनीपुढं."

बाबल्या विडी झटकत म्हणाला, "मंग तिलाच इचार की. सोडवील ती."

कमळाने वेगळाच तोडगा काढला. तिला शपथेचं ठाऊक होतं, आणि घरात डब्यांचा तळ दिसायला लागला होता तेही तिलाच ठाऊक होतं. "तोंडात घ्या, गिळू नका," ती चुलीपाशी बसून म्हणाली. "झाडामागं जाऊन थुंका."

"आन् कोणी बघितलं तर? गेल्या वर्षी ओतली तेच पुरलंय मला."

"मंग गिळा," कमळा म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी गाडी नाय चालवलीत तर करनार काय? खाणीवर अजून किती दिस दगड उचलनार? रात्री कण्हता ते मला ऐकू येत नाय काय? तीन द्रोणांनी कोणी मरत नाय."

"मरत नाय," महिपत म्हणाला. "हात जातो."

 कमळाने तोंड फिरवून लाकूड आत सारलं.

दुसऱ्या दिवशी तो मैनाकडे गेला. ती पडवीत बसून उजव्या हाताने सुकटीतला कचरा निवडत होती. डावा हात मांडीवर पडलेला, कोपरात वाकडा, बोटं अर्धवट उघडी. त्या हाताने आता टोपली डोक्यावर चढत नव्हती, सुरी धरवत नव्हती. ताजे मासे आणायला हायवेपर्यंत चालत जाऊन यायचं, तेही एका हाताने ओझं सांभाळत, म्हणजे दिवस मोडायचा. म्हणून ती सुकटीवर आली होती. महिपतला बघून तिने पाट पुढे सारला.

"बसा भावजी. लायसन मिळालं मनतात."

"मिळालं." तो बसला नाही, खांबाला धरून उभा राहिला. "वयनी, दवाखान्यात मी तुमच्या प्लास्टरवर हात ठेवून काय बोललो होतो, आठवतंय?"

मैनाने जरा आठवून पाहिलं. "मला इंजेक्शनची गुंगी व्हती. तुमी रडत व्हता येवढं आठवतंय."

"मी बोललो, पुन्हा दारूचा थेंब घेणार नाय. मी प्यालो, म्हणून तुमचा हात गेला."

"काय तरीच काय बोलता!" मैना म्हणाली. ती चिडली नव्हती, तिला त्याची कीव आली होती, आणि ते जास्त वाईट होतं. "प्रसादानं कुठं माणूस झिंगतो काय? तुमी तो सांडलात, तेवढंच झालं. तुमची काय चूक, उन्हानं डोकं जड झालं आसंल. देवाला तेवढं कळायला पायजे व्हतं, पन देव तो देव. त्यानं मला हात दावला."

"वयनी, मला वळण दिसत होतं. हात वळले नाहीत."

"वळतील कशे? त्यानं धरले व्हते."

महिपतने तिच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. वर्षभर त्याने ह्या बोटांना तोंड द्यायची तयारी केली होती. ती शिव्या देईल, रडेल, कदाचित तोंडावर सुकट फेकेल, असं त्याला वाटलं होतं. तिने त्याला माफसुद्धा केलं नाही, कारण तिच्या लेखी माफ करण्यासारखं त्याने काही केलंच नव्हतं.

"मी शपथ मोडू?" त्याने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. तिने नाही म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. एका शब्दाचा आधार मिळाला असता तर तो आप्पांपुढे उभा राहिला असता.

"मोडा म्हंजे काय, मोडाच!" मैना म्हणाली. "भावजी, रविवारी वाटेच्या तोंडाशी उभी ऱ्हाते. टोपली घिऊन. मला मिरकरवाड्याला न्या. ही सुकट निवडून निवडून माजा जीव ईटला हाय."

रविवारी ऊन कलायला लागलं तेव्हा महिपत जीप घेऊन माळावर गेला. पुरुष आधीच जमले होते. कोंबड्याचं झालं होतं, नारळ फुटला होता, झाडाखाली धूर कोंडला होता. त्याला बघून सगळ्यांनी वाट दिली, एखाद्या घरच्या कार्यात नवरदेवाला देतात तशी. आप्पांनी त्याला धोंड्यासमोर उभं केलं आणि हात जोडायला लावले.

"बा राखणदारा म्हाराजा," आप्पांनी सुरू केलं. म्हातारपणीही त्यांचा आवाज माळभर घुमायचा. "आज तुझी कोंडवाडीची लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या महिपतच्या हातून गेल्या साली जी काय चूकभूल झाली, तुझा प्रसाद मातीत सांडला, ती पदरात घे. त्याच्या गाडीवरची नजर काढून घे. त्याच्या हाताला तुझा हात लागूं दे."

"व्हय म्हाराजा!"

"आप्पा," महिपत म्हणाला.

गाऱ्हाण्याच्या मध्ये कोणी बोलत नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. महिपत तरी बोलला. "देवाला सांगताय तर सगळं सांगा. सांडला तो तिसरा. पहिले दोन मी प्यालो होतो. त्या दोनांनी झालं."

कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकजण समजुतीने म्हणाला, "अरे, दोन तर मीपन घेतले व्हते. मला काय झालं?"

"तू गाडी चालवत नव्हतास!"

"महिपत," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "माज्या बापानं ह्या जागेवरनं द्रोण घेतला, त्येच्या बापानं घेतला. घेऊन बैलगाड्या खाली नेल्या, काळोखातून नेल्या. तू म्हणतूस तसं आसंल तर ते सगळे दारुडे व्हते काय? इतं देव नाय काय?"

एवढ्या माणसांना एका दमात दारुडे म्हणायचं, त्यांच्या मेलेल्या बापांना म्हणायचं आणि झाडाखालच्या धोंड्याला नुसता धोंडा म्हणायचं, तेव्हा कुठे महिपतची चूक महिपतची होणार होती. एवढी छाती त्याला नव्हती. ती कोणाला असते? त्याने मान खाली घातली.

"देव हाय," तो म्हणाला.

पहिला द्रोण आला. आप्पा त्याच्या गळ्याकडे बघत होते. प्याल्यावर त्यांनी त्याला मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लावलं, म्हणजे तोंडात काही राहिलं नाही हे सगळ्यांना कळावं. कमळाचा तोडगा तिथेच बाराच्या भावात गेला. दुसरा द्रोण आला. वर्षभर न शिवलेली दारू घशातून जळत खाली उतरली. तिसरा द्रोण हातात घेतल्यावर महिपत क्षणभर थांबला, आणि बाबल्या घाबरून त्याच्या हाताकडे बघायला लागला. महिपतने तो थेंबही न सांडता संपवला.

"व्हय म्हाराजा!" माळ दणाणला. माणसांनी त्याला मिठ्या मारल्या. बाबल्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

आप्पा म्हटल्याप्रमाणे पहिले बसले, मधल्या सीटवर. त्यांच्यामागे बाकीचे चढले, दाराला लटकले, टपावर बसले. जीप इतकी कधीच भरली नव्हती. वाटेच्या तोंडाशी मैना उभी होती, नवी साडी नेसून, टोपली पायाशी. पुढची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. ती चढली, नीट बसली आणि तिने आपलं वाकडं कोपर पूर्वीसारखं खिडकीच्या बाहेर काढून ठेवलं.

"वयनी, हात आत घ्या," महिपत म्हणाला.

"आता कशाला?" ती हसली. "आता झालं ना सगळं नीट."

"घ्या आत. मी सांगतो ना."

"आत ठेवला की मांडीवर दुकतो वो. न्या तुमी बिनघोर."

मागून कोणीतरी ओरडलं, "महिपत, चल रे, लिलाव चुकंल तिचा!" त्याने किल्ली फिरवली. किल्ली काढून घ्यावी, जीपमधून उतरावं आणि चालत घरी जावं, हे त्याला सुचलं नाही असं नाही. पण उतरला असता तर मैना पुन्हा पडवीत सुकट निवडायला बसली असती, तो पुन्हा खाणीवर गेला असता, आणि लोकांनी म्हटलं असतं की देवाने ह्याला अजून सोडलं नाही. जीप उताराला लागली.

स्टेअरिंग हलकं लागत होतं. अगदी तसंच, गेल्या वर्षीसारखं. रस्ता जरा लांबून, काचेपलीकडून आल्यासारखा दिसत होता. महिपतने दात आवळून धरले आणि सगळं लक्ष हातांवर ठेवलं. मागे माणसं गात होती. सातवीण दिसली, वळण दिसलं, आणि त्याच्या मनात एक भयंकर विचार आला, की आता जीप पडली तर सगळ्यांना कळेल. तो विचार आला म्हणून त्याला स्वतःचीच किळस आली. बाजूला मैनाचा हात बाहेर होता. त्याने ब्रेकवर पाय दाबला, स्टेअरिंग पूर्ण वळवलं, आणि जीप वळणातून अलगद बाहेर पडली.

एकच जल्लोष झाला. "बघितलास?" आप्पा मागून त्याचा खांदा हलवत म्हणाले. "बघितलास काय रे?"

"बघितलात भावजी?" मैनाही म्हणाली. "तीन घेतलेत, आन् कशी लोण्यावानी आणलीत गाडी."

"बघितलं," महिपत म्हणाला.

हायवेला बहुतेक माणसं उतरली. चालत परत जायला त्यांना आज काही वाटत नव्हतं. उद्या सकाळी तर सगळी जीपनेच जाणार होती, तसं त्यांनी खिडकीत डोकं घालून पुन्हा पुन्हा सांगितलं. मैना आणि दोघं-तिघं राहिले. मिरकरवाड्याच्या अलीकडे, रस्ता बंदराकडे वळतो तिथे, एका पोलिसाने हात करून जीप थांबवली.

"लायसन."

महिपतने खिशातून काढून दिलं. पोलिसाने ते उजेडाकडे धरलं. कोवळा पोरगा होता, दिवसभर उन्हात उभा राहून दमलेला. महिपत खिडकीतून इतका बाहेर वाकला की त्याचं तोंड पोलिसाच्या तोंडापासून हातभर राहिलं. त्याने तोंड उघडलं आणि श्वास सोडला. समोरून बंदराचा वारा येत होता. लाँचींचं डिझेल, वितळलेला बर्फ, टोपल्यांतला बांगडा, सुकत टाकलेली जाळी, सगळ्याचा मिळून एवढा दर्प सुटला होता की त्यात तीन द्रोणांचा वास कोणाला येणार?

"लिलावाची गर्दी आहे पुढे," पोलीस म्हणाला. "सांभाळून जा."

लायसन परत महिपतच्या हातात आलं. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, मी प्यालोय. एवढंच. पोलीस अजून खिडकीपाशीच होता, पाठ फिरवायच्या बेतात. महिपतचे ओठ हलले. त्याला कोर्टातला मागचा बाक आठवला, माळावरचे चेहरे आठवले, बाबल्याचं पाणावलेलं तोंड आठवलं, आणि तळ दिसणारे डबे आठवले.

"चला ना भावजी," मैना म्हणाली. "बोटी लागल्या बगा."

पोलीस मागच्या टेम्पोकडे गेला. महिपतने लायसन खिशात ठेवलं. त्या वळणावर काय झालं होतं ते जाणणारा सगळ्या जगात एकच साक्षीदार होता, तो स्वतः, आणि आज तोही फुटला.

त्याने गिअर टाकला. "वयनी," तो म्हणाला, "हात आत घ्या."

मैना बंदराकडे बघत होती. डाव्या कोपराला वारा लागत होता म्हणून तिला बरं वाटत होतं. तिने हात आत घेतला नाही.